बेंगळूरुची सनद : नगराचा कारभार कोणाच्या हाती?

बेंगळूरुस येऊन स्थायिक झालेल्या मराठी माणसास ह्या नगराशी आपले नाते सांगावयाचे झाले, की तो प्रथम शहाजीराजांचे नाव घेतो. ते स्वाभाविकच आहे. इ. स. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे ठाणे केंपेगौडांच्या वंशजाकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र एकोजी तथा व्यंकोजीराजे ह्यांनी १६६९ मध्ये मल्लिकार्जुनास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचा शिलालेख मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळापाशी आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. ह्या कथेचा उत्तरार्ध मात्र आपण सहसा सांगत नाही. व्यंकोजीराजे तंजावरास स्थिरावल्यावर दूरचे बेंगळूर त्यांना सांभाळणे जड जाऊ लागले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांशी विक्रीची बोलणी सुरू झाली. इतक्यात १६८७ मध्ये मोगलांचा सरदार कासीमखान ह्याने ठाणे काबीज केले, आणि सौदा अखेर त्याच्याशीच होऊन ३ लाख रुपयांस हे नगर चिक्कदेवराजांकडे गेले. पेठा, तळी, देवळे, कोष्टी, व्यापारी ह्यांसह सगळे नगर ३ लाखांस! तेथे राहणाऱ्यांस कोणी काही विचारले नाही. विचारण्याची ती रीतही नव्हती. सनद धन्याच्या नावाची असे.

आधुनिक काळात नगराची सनद म्हणजे त्याचा पालिका-कायदा. ह्या सनदेत धन्याच्या जागी नागरिक आला, असे आपण शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शिकलो. आपले मंडळ पन्नास वर्षांचे होत असताना, आणि ह्या नगराची सनद नुकतीच नव्याने लिहिली गेली असताना, ते कितपत खरे ठरले हे तपासून पाहण्यास हरकत नसावी.

आरंभ १८६२ चा. कंपनी सरकारच्या १८५० च्या नगरसुधारणा कायद्यान्वये जुन्या पेठेतील नऊ प्रतिष्ठित गृहस्थांचे एक मंडळ त्या वर्षी २७ मार्च रोजी नेमले गेले, आणि लष्करी छावणीच्या भागासाठी त्याच वर्षी दुसरे. एका नगराच्या ह्या दोन पालिका पुढे सत्त्याऐंशी वर्षे वेगळ्याच राहिल्या. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वडेयर घराण्यास परत मिळाले, तेव्हा छावणीचा प्रदेश इंग्रजांनी आपल्याकडेच ठेवला. कब्बन पार्कच्या एका अंगास महाराजांचा कायदा, दुसऱ्या अंगास रेसिडेंटचा. एकीकडे पेठ, चामराजपेठ, आणि १८९८ च्या प्लेगने ज्यांच्या वाढीस वेग दिला ती बसवनगुडी व मल्लेश्वरम; दुसरीकडे छावणीतील बंगले, बाजार आणि चर्चेस. बागेत फिरावयास येणाऱ्यांस ही सीमा दिसत नसे, करपावतीवर ती दिसे.

दोन्हीकडे निवडून आलेल्या सदस्यांचा शिरकाव सावकाश झाला. पेठेकडील नगरपालिकेस १९१३ मध्ये मानद अध्यक्ष मिळाला आणि पुढे सात वर्षांनी ते पद निवडणुकीने भरले जाऊ लागले. सर के. पी. पुट्टण्ण चेट्टी ह्यांच्यासारख्या गृहस्थांनी ह्याच नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले. १९३५ चे टाऊन हॉल त्यांच्याच नावाने उभे आहे. छावणीच्या पालिकेत १९२६ मध्ये वेगळीच गोष्ट घडली. तेथे सरकारनियुक्त आयुक्त आला आणि अंमलबजावणीचा अधिकार त्याच्याकडे गेला. पुढे सगळ्या नगराने हीच रीत स्वीकारली, म्हणून तिचे मूळ पाहिले पाहिजे. आणि ते मूळ आपल्या मुंबईत आहे.

मुंबईत १८६५ च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड ह्या आयुक्ताच्या हाती जवळजवळ अनिर्बंध सत्ता दिली. ह्या कर्तबगार माणसाने शहर झाडून काढले, मंडई बांधली (क्रॉफर्ड मार्केट, आताची महात्मा जोतिबा फुले मंडई), आणि खर्चाचा ताळतंत्र मात्र ठेवला नाही. १८७१ मध्ये करदाते खवळून उठले. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहतांनी मांडलेले मत आजही वाचण्याजोगे आहे : आयुक्त एकटाच कर्ता असू द्या, पण त्याच्यावर लोकांनी निवडलेल्या सभेचा वचक असू द्या. १८७२ च्या कायद्याने करदात्यांना मत मिळाले, आणि १८८८ च्या कायद्याने महापालिका, स्थायी समिती व आयुक्त अशी तीन अधिष्ठाने पक्की झाली. पैसा मंजूर करावयाचा सभेने, काम करावयाचे आयुक्ताने. आणि आयुक्त सरकारने नेमलेला असला, तरी सभेच्या पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केल्यास त्याला परत बोलावणे सरकारला भाग. तराजूची दोन पारडी तोलून धरणारी ही रचना होती.

१९४९ मध्ये पेठ व छावणी ह्यांच्या पालिका एकत्र होऊन बेंगळूर महापालिका जन्मास आली. छावणीचा प्रदेश त्यापूर्वी, जुलै १९४७ मध्ये, म्हैसूर संस्थानास परत मिळालाच होता. १९५० मध्ये पहिली निवडणूक झाली. महापौर आला, त्याचा झगा आला, स्थायी समित्या आल्या, आणि सरकारने नेमलेला आयुक्तही आला. त्यानंतर कर्नाटकातील सर्व महापालिकांसाठी १९७६ चा कायदा झाला. तो जवळपास आपल्या मंडळाच्याच वयाचा, म्हणून त्याच्याविषयी थोडे ममत्व वाटते खरे. पण त्याने महापौरास दिलेली मुदत होती अवघ्या एका वर्षाची. पहिले तीन महिने सत्कारात जावेत, शेवटचे तीन वारसदाराच्या खटपटीत, आणि मधल्या सहा महिन्यांत एक अर्थसंकल्पही धड समजू नये, अशी ही मुदत. महाराष्ट्रात महापौरास अडीच वर्षे मिळतात.

शिवाय पालिकेच्या हातून कामेच निघून जात होती. जागांची आखणी १९४५ च्या नगर सुधारणा विश्वस्त मंडळाकडे आणि १९७६ पासून बेंगळूर विकास प्राधिकरणाकडे गेली. पाणी व मलनिस्सारण १९६४ च्या जलमंडळाकडे गेले. वीज, बस, मेट्रो आणि पोलीस ह्यांपैकी एकही नगरसेवकाच्या हाताखाली नाही. मुंबईत ‘बेस्ट’ची बस आणि धरणांचे पाणी महापालिकेकडे असल्याचे पाहत वाढलेल्या माणसास येथे प्रथम गोंधळल्यासारखे होते. रस्ता पालिकेने करावा, जलमंडळाने तो खणावा, आणि खड्डा कोणाचा ह्यावर दोघांनी पत्रव्यवहार करावा, हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. ह्यात एखाद्या अधिकाऱ्याचा दोष शोधण्यात अर्थ नाही; सनदच तशी लिहिली आहे.

१ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ही स्थिती पालटेल, अशी आशा होती. तिच्या शब्दांकडे नीट पाहिले म्हणजे आशा कोठे अडकली ते कळते. सभेची मुदत पाच वर्षे, आणि बरखास्ती झाल्यास सहा महिन्यांत निवडणूक, हे घटनेने बंधनकारक केले. परंतु बाराव्या परिशिष्टातील अठरा विषय पालिकेकडे सोपविण्याचे काम राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर सोडले. निवडणूक घेतलीच पाहिजे, अधिकार देता येतील!

आणि जे बंधनकारक होते त्याचे तरी काय झाले? नोव्हेंबर २००६ मध्ये येथील सभेची मुदत संपली. २००७ मध्ये जुन्या पालिकेत सात नगरपालिका, केंगेरीची लहान नगरपालिका आणि ११० खेडी मिळवून बृहत् बेंगळूरु महानगर पालिका निर्माण झाली. क्षेत्र ७०० चौरस किलोमीटरांच्या वर गेले, पण १९८ प्रभागांची निवडणूक मार्च २०१० मध्ये झाली. एप्रिल २०१५ मध्ये सभा बरखास्त होऊन ऑगस्टमध्ये पुन्हा निवडणूक झाली. ती सभा सप्टेंबर २०२० मध्ये संपली. त्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने लवकर निवडणूक घेण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयात त्यास स्थगिती मिळाली, आणि २०२५ चे वर्ष सरले तरी निवडणूक झालेली नव्हती. हिशेब करून पाहावा : एकोणीस वर्षांपैकी सुमारे नऊ वर्षे ह्या महानगरास निवडलेली सभा नव्हती. मेहतांच्या तराजूचे एक पारडेच काढून ठेवले होते. (मुंबईकरांनीही फार हसू नये, मार्च २०२२ नंतर तेथेही तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच होता.)

सनद सुधारण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. डॉ. कस्तुरीरंगन समितीने २००८ मध्ये महापौर थेट लोकांनी निवडावा असे सुचविले. पुढे बी. एस. पाटील समितीने एकाऐवजी अनेक पालिका आणि त्यांच्यावर एक समन्वयक प्राधिकरण अशी योजना मांडली. २०२० च्या स्वतंत्र कायद्याने महापौराची मुदत तीस महिन्यांवर नेली. पण त्या कायद्याखाली एकही महापौर निवडला गेला नाही. त्याच्या जागी बृहत् बेंगळूरु प्रशासन कायदा, २०२४ आला आणि १५ मे २०२५ पासून अमलात आला. सप्टेंबरात जुनी पालिका जाऊन मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम अशा पाच पालिका अस्तित्वात आल्या. त्यांचे मिळून ३६९ प्रभाग ठरले. त्यांच्यावर बृहत् बेंगळूरु प्राधिकरण, आणि त्याचे अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री.

ह्या रचनेच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो टाकाऊ नाही. पाणी, वीज, बस, मेट्रो ही सारी मंडळे राज्य सरकारचीच असतील, तर त्यांना एका मेजाभोवती बसविण्याचे सामर्थ्य मुख्यमंत्र्यांखेरीज कोणात आहे? एवढे अवाढव्य नगर एका कचेरीतून चालत नाही, हेही दिसून आले आहे. तथापि दिल्लीने २०१२ मध्ये एका पालिकेच्या तीन केल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा त्यांची एक केली. तेव्हा तुकड्यांची संख्या हा मुख्य प्रश्न नव्हे. ज्या नगराचा महापौर मंडळांवर हुकूम चालवू शकत नाही, त्या नगराचा कारभार राज्यसरकारचा प्रमुख पाहणार, आणि त्याचे बहुमत केवळ नगरातून नव्हे तर राज्यभरातून निवडून आलेल्या आमदारांचे असणार. पेठेच्या मतदाराने गाऱ्हाणे घेऊन जावे असे माणूस त्यामुळे आणखी एक पायरी वर गेले, असे आमचे मत आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांना तेथील एक उदाहरण ठाऊक असेल. लॉस एंजेलिस काउंटीने १९१२ मध्ये स्वतःची सनद मतदानाने स्वीकारली. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. पाच पर्यवेक्षकांचे एक मंडळच तेथे कायदेही करी आणि कारभारही पाही. एक कोटीच्या आसपास वस्तीस पाच माणसे थोडी, हा वाद कित्येक वर्षे चालला. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी, थोड्याच मताधिक्याने का होईना, पर्यवेक्षक नऊ करण्यास आणि मुख्य कार्यकारी अधिकारी निवडणुकीने नेमण्यास संमती दिली. ती रचना चांगली ठरेल की वाईट, हे काळ सांगेल. पण सनद बदलावी की नाही हे तेथील रहिवाशांस विचारले गेले. बेंगळूरुची सनद १८६२ पासून अनेकदा लिहिली गेली. ती प्रत्येक वेळी कलकत्त्यात, म्हैसूरच्या दरबारात किंवा विधानसौधात लिहिली गेली, आणि रहिवाशांपुढे मतास एकदाही ठेवली गेली नाही.

नव्या आखणीत मल्लेश्वरम, राजाजीनगर आणि बसवनगुडीतील आपली कुटुंबे पश्चिम पालिकेत गेली आहेत, गांधीनगर व चिक्कपेटेतील मध्य पालिकेत, आणि अलीकडे संगणक कंपन्यांच्या नोकरीनिमित्त महादेवपुऱ्याकडे आलेली तरुण मंडळी पूर्व पालिकेत. ह्या तरुणांपैकी कित्येकांची नावे अद्याप सांगली, साताऱ्याच्या किंवा बेळगावच्या मतदारयादीत आहेत. येथील प्रभागाच्या यादीत नाव घालण्यास पत्त्याचा पुरावा म्हणून घरभाड्याचा नोंदणीकृत करार किंवा विजेचे बिल चालते, आणि त्यासाठी कन्नड येण्याची अट नाही. ती भाषा शिकावी हे मात्र आम्ही अवश्य सांगू.