बाळाच्या विकासाचे देशी मोजमाप

उशिरा चालणारे किंवा बोलायला वेळ लावणारे मूल घरात असले, की ‘त्याचा बापही उशिराच बोलायला लागला होता’ असे म्हणून दिवस ढकलण्याची रीत जुनी आहे. आणि ही समजूत पुष्कळदा खरीही ठरत असल्यामुळे, नैसर्गिक फरक कोठे संपतो आणि विकासात्मक विलंब, म्हणजे वयानुरूप टप्पे गाठण्यात होणारी लक्षणीय दिरंगाई, कोठे सुरू होतो, हे मोजमापावाचून सांगणे अवघड होते. अमेरिकेत येल येथे अर्नोल्ड गेझेल आणि बर्कली येथे नॅन्सी बेली यांनी अशी मोजमापे सिद्ध केली होती. परंतु तेथील बाळांवरून ठरलेली वये येथील बाळांना जशीच्या तशी लावणे शास्त्राला धरून नव्हते.

ही उणीव बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भरून काढली. बेली यांच्या चाचणीतील कृती भारतीय बाळांकडून करवून घेऊन त्यांनी 1 ते 30 महिने या वयोगटाची प्रमाणके, म्हणजे प्रत्येक कृती बहुतेक बाळांना कोणत्या वयात जमते याचे कोष्टक, तयार केली; ती ‘बडोदा प्रमाणके’ म्हणून ओळखली जातात, आणि पुढे देशी साहित्य वापरून केलेली त्यांची सुधारित आवृत्ती 1997 मध्ये पुण्यातून निघाली. या ‘डासी’ चाचणीत शारीरिक हालचालींच्या 67 आणि मानसिक विकासाच्या 163 कृती असून, त्यांवरून निघालेल्या विकासवयाला प्रत्यक्ष वयाने भागून 100 ने गुणले की विकासांक मिळतो. 20 महिन्यांच्या बाळाचे विकासवय 13 महिने आले, तर त्याचा विकासांक 65 ठरतो, आणि 70 पेक्षा कमी विकासांक हा विलंबाचा निदर्शक मानला जातो.

एवढी लांब चाचणी प्रशिक्षित तज्ज्ञाखेरीज कोणाला घेता येत नाही, हे उघड आहे. म्हणून तिरुवनंतपुरम येथे डॉ. एम. के. सी. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बडोदा प्रमाणकांतूनच अवघ्या 17 कृती निवडून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एक तक्ता केला, जो 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाच्या वयाच्या खुणेवर पेन्सिल उभी ठेवायची आणि तिच्या डावीकडे संपणारी एखादी कृती, उदाहरणार्थ मान धरणे किंवा दोन शब्द बोलणे, बाळाला जमत नसेल तर त्याला पुढील तपासणीसाठी पाठवायचे, इतकी ही रीत सोपी आहे. भारतीय बालआरोग्याच्या इतिहासात याहून स्वस्त आणि उपयोगी साधने थोडीच सापडतील.

शासकीय पातळीवर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथे सुरू झाला आणि त्याने विकासात्मक विलंबाला जन्मजात दोष, कमतरता व आजार यांच्या बरोबरीने स्थान दिले. त्यातील फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतात, तर पुढील उपचारांची सोय जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात असते. भौतिकोपचार किंवा वाचोपचार मात्र एका भेटीत संपत नाहीत, त्यासाठी मजुरी बुडवून मुलाला पुन्हा पुन्हा जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागते, आणि त्यामुळे या व्यवस्थेत निदान जितके गावाजवळ आले तितका उपचार आलेला नाही.