फडताळावरचा रंग

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भोर तालुक्यांत, वरवे बुद्रुक हें गांव आहे. पूर्वीं हा मुलूख भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानांत मोडत असे. १९४८ सालीं तें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. पुढें रस्ता रुंदावला, पुणें जवळ आलें, आणि एरव्हीं बापाकडून मुलाकडे जाणारीं घरें अशा रस्त्याकांठच्या गांवांतून परक्याच्या हातीं जाऊं लागलीं. घर विकावयास काढलें म्हणजे मालकाला जे सल्ले मिळतात, त्यांत एक ठरलेला असतो: स्वयंपाकघरांतील जुनाट कपाटांना फिक्या रंगाचे दोन हात द्या, म्हणजे गिऱ्हाइकाचें मन बसेल. सल्ला आजकालचा वाटतो खरा. पण त्याच्या पाठीशीं मोठा इतिहास आहे, आणि त्यांत लांकूड, विष, कायदा आणि सचोटी या चारांचाही संबंध येतो.

जुन्या मराठी घराच्या स्वयंपाकघरांत आजच्या अर्थानें कपाट नव्हतेंच. भिंती मातीच्या किंवा विटांच्या, पण चांगल्या हातभर जाड. त्या जाडींतच कोनाडे सोडलेले असत. कोनाड्याला लांकडी चौकट बसवून दोन फळ्यांचें दार लावलें कीं त्याचें फडताळ होई. तुपाची बुधली, लोणच्याची बरणी आणि सणासुदीचा जिन्नस त्यांत राही. दूधदुभतें मांजरापासून राखावयाचें तर तें शिंकाळ्यावर टांगीत. धान्यधुन्य उतरंडींत, कणगींत नाहींतर भिंतींतल्या बळदांत. आणि तांब्यापितळेचीं भांडीं मांडणीवर. या व्यवस्थेंत लपविण्यासारखें फार थोडें होतें. घांसलेली मांडणी हीच घरधनिणीची प्रतिष्ठा असे.

फडताळाच्या दाराला रंग देण्याची चाल सर्वसाधारण घरांत नव्हती. लांकूड बहुधा सागाचें, नाहींतर ऐनाचें किंवा फणसाचें. मावळांतल्या माणसाला लांकडाची किंमत ठाऊक होती. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत आंब्याफणसाच्या झाडांस हात लावूं नये, रयतेनें तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात, असा स्पष्ट हुकूम आहे. अशा लांकडाला वर्षाकांठीं तेलाचा हात पुरे होई. उरलेलें काम चुलीचा धूर करी. धुरानें लांकूड काळवंडे. पण त्याच धुरामुळें कीड त्याच्या वाऱ्याला उभी राहत नसे. म्हणजे आज गिऱ्हाइकाला जो काळेपणा खुपतो, तोच एके काळीं त्या दाराचें चिलखत होता. रंग होता तो भिंतीला: पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात, आणि कडेला कावेची पट्टी. दसरादिवाळीच्या आधीं तो नवा होई, आणि तोही घर विकण्यासाठीं नव्हे, सणासाठीं.

तेलरंग आपल्याकडे रुळला तो इंग्रजी अमदानींत. आगगाडीचे डबे, पूल, गलबतें, सरकारी कचेऱ्यांचीं दारेंखिडक्या यांना ऊनपावसापासून राखण्यासाठीं तो प्रथम विलायतेहून येई. त्याची कृति तत्त्वतः सोपी आहे. जवसाचें तेल कढविलें म्हणजे आपले सुतार ज्याला बेलतेल म्हणतात तें तयार होतें. तें हवेंतला प्राणवायु शोषून घट्ट होतें व त्याचा पापुद्रा धरतो. त्यांत सफेता, शेंदूर, काव किंवा काजळ घोटलें कीं रंग झाला. जवस आपल्या शेतांतलाच. तो परदेशीं जाई आणि रंगाच्या डब्यांतून परत येई. ही उलटी वाहतूक हळूहळू थांबली. हावड्याला १९०२ सालीं रंगाचा कारखाना निघाला. मुंबईंत लोअर परळला १९२० मध्यें दुसरा. आणि १९४२ मध्यें, महायुद्धामुळें परदेशी मालाची टंचाई असतांना, गिरगांवांतील चार मित्रांनीं एशियन पेंट्सचा आरंभ केला. लहान डबे खेड्यापाड्यांतल्या दुकानांपर्यंत पोंचविणें हें या नव्या धंद्याचें बळ ठरलें. १९५४ सालीं चित्रकार आर. के. लक्ष्मण यांनीं त्यांच्यासाठीं हातांत ब्रश घेतलेला ‘गट्टू’ काढला आणि रंग ही घरगुती वस्तु झाली.

याच काळांत स्वयंपाकघरही बदलूं लागलें. शहरांतल्या चाळींत भिंती पातळ. त्यांत फडताळ कोठून येणार? म्हणून जाळीचें कपाट भिंतीपासून सुटून खोलींत उभें राहिलें. तिकडे युरोपांत पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई पडली, तेव्हां १९२६ सालीं मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुशास्त्रज्ञ बाईनें फ्रांकफुर्ट शहरासाठीं एक आटोपशीर स्वयंपाकघर आंखलें. गृहिणीचीं पावलें मोजून त्यांत ओटा, खण आणि कपाटें एका रांगेंत बसविलीं होतीं. अशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें तेथें बांधलीं गेलीं. त्या कपाटांना निळसर हिरवा रंग दिला होता, कारण त्या रंगावर माशा बसत नाहींत अशी समजूत होती. समजूत खरी कीं खोटी हा प्रश्न निराळा. पण रंग द्यावयाचा तो घरांत राहणाराच्या उपयोगासाठीं, हा विचार तीमागें होता. आजचा विक्रीचा रंग याच्या नेमका उलट आहे. तो राहणारासाठीं नसतो, पाहणारासाठीं असतो. आणि तोही पहिल्या पांच मिनिटांपुरता.

तथापि रंगाची एक काळी बाजू पुष्कळ दिवस झांकलेली राहिली. पांढऱ्या रंगाचा जीव जो सफेता, तो शिशाचा क्षार, शेंदूरही शिशाचाच. शिसें शरीरांत गेलें तर तें साठून राहतें, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्याचा कायमचा अपाय होतो. रंगाऱ्यांचें पोट दुखणें, मनगटें लुळीं पडणें हे विकार पाश्चात्त्य वैद्यांना फार पूर्वीं माहीत होते. जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें १९२१ सालींच घराच्या आंतल्या रंगकामांत सफेता वापरूं नये असा करार केला. भारतांत घरगुती रंगांतील शिशावर कायद्याचें बंधन आलें तें २०१६ च्या नियमांनीं. १ नोव्हेंबर २०१७ पासून शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये असें ठरलें. दोहोंमध्यें जवळजवळ शंभर वर्षें गेलीं. मधल्या काळांत सफेत्याची जागा जस्ताच्या आणि टिटॅनियमच्या पांढऱ्या भुकटीनें घेतली हें खरें. ज्या काळ्या वाळूंतून टिटॅनियम निघतें ती आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही सांपडते. परंतु पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत शिसें पुढेंही येतच राहिलें. म्हणून जुन्या रंगविलेल्या कपाटावर कोरडा कांचकागद घांसूं नये. पृष्ठभाग ओला ठेवूनच घांसावा, मुलांना दूर ठेवावें, आणि निघालेला गाळ ओल्या फडक्यानें टिपून घ्यावा. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानें तेलकटपणा काढावा, लांकूड पुरतें वाळूं द्यावें, अस्तराचा एक हात द्यावा आणि त्यावर रंगाचे दोन. तेलकटावर चढविलेला रंग पहिल्या पावसाळ्यांतच पोपडे धरतो, आणि विकणाराची घाई घेणाराच्या पदरीं पडते.

येथें रंगाचा प्रश्न नीतीचा होतो. दार मळलें म्हणून रंगविणें वेगळें, आणि दाराच्या पाठीमागें वाळवी लागली आहे हें ठाऊक असून त्यावर लांबी भरून रंगविणें वेगळें. घेणारानें डोळे उघडे ठेवून घ्यावें, हा बाजाराचा जुना न्याय आहे. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानें त्याला मर्यादा घातली. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें, उलट करार नसेल तर, मालमत्तेंतील जो महत्त्वाचा दोष विकणाराला माहीत आहे, घेणाराला माहीत नाहीं, आणि साधारण काळजी घेऊनही त्याला दिसणार नाहीं, तो विकणारानें सांगितलाच पाहिजे. न सांगणें ही लबाडी समजली जाते. कायद्याची ही भाषा फडताळाला तंतोतंत लागू पडते. मळ दिसतो, त्याची वाच्यता नको. वाळवी रंगाखालीं दिसत नाहीं. ती सांगावयास हवी.

आणखी एक नुकसान असें आहे कीं तें कोणत्याही कलमांत बसत नाहीं. विक्रीच्या घाईंत रंगविलेल्या पुष्कळ फळ्या शंभर वर्षांच्या सागाच्या असतात. तसला साग आतां सहसा मिळत नाहीं. पुण्यांतले वाडे पाडले गेले तेव्हां त्यांचे खांब, तुळया आणि चौकटी जुन्या लांकडाच्या बाजारांत गेल्या. आणि आज हौशी लोक तींच दारें दाम मोजून विकत घेतात, वरचा तेलरंग खरवडून काढतात आणि आंतलें लांकूड उघडें करून दिवाणखान्यांत लावतात. एकानें विकण्यासाठीं चढवावें आणि दुसऱ्यानें विकत घेऊन उतरवावें, असा हा प्रकार आहे. दिनकर केळकर यांनीं हें फार अगोदर ओळखलें होतें. अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाचीं भांडीं, कोरीव दारें अशा घरगुती वस्तु लोक टाकून देत असतां ते त्या गांवोगांव फिरून गोळा करीत. अकालीं गेलेल्या मुलाच्या नांवें त्यांनीं पुण्यांत राजा दिनकर केळकर संग्रहालय उभें केलें, आणि तें पुढें महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलें. तेथें गेलेला मनुष्य ज्या दारापुढें थबकतो, तसलेंच एखादें दार कदाचित् त्याच्या आजोळच्या स्वयंपाकघरांत असेल, आणि त्याला रंग देण्याचें नुकतेंच ठरलें असेल.

म्हणून घर विकणाऱ्यानें रंगाचा डबा उघडण्यापूर्वीं फडताळाच्या आंतल्या बाजूला, जेथें धूर आणि प्रकाश दोन्ही पोंचले नाहींत, तेथें नखानें थोडें खरडून पाहावें. आंत भुसा निघाला तर तें घेणाराला सांगावें. साग निघाला तर रंगाऱ्याला परत पाठवावें, तेलाचा एक हात द्यावा आणि दार घेणाराला तसेंच दाखवावें. आणि आंत नुसतें हलकें, पण निरोगी लांकूड निघालें, तर खुशाल रंग द्यावा. त्यांत कोणाचें कांहीं जात नाहीं.