एकाच गळ्यातले दोन सूर

रॉक अँड रोल हे सैतानाचे संगीत होय, असे अमेरिकेतील अनेक धर्मोपदेशक १९५० च्या दशकात सांगत असत. त्या संगीतातील सर्वांत बेभान आवाज मात्र चर्चमध्येच घडला होता.

रिचर्ड वेन पेनिमन ऊर्फ लिटल रिचर्ड यांचा जन्म ५ डिसेंबर १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातील मेकन येथे, एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. भावंडे बारा. वडील चर्चचे डीकन, आणि चोरटी दारूही विकणारे! कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये भक्तिगीते टाळ्यांच्या ठेक्यावर, आरोळ्या देत गायिली जात. ती आरोळी या मुलाच्या गळ्यात उतरली. १९४७ साली भक्तिगीतगायिका सिस्टर रोझेटा थार्प यांनी त्याला मेकनमध्ये आपल्या मंचावर गाण्यास बोलाविले.

१९५२ मध्ये वडिलांचा गोळी घालून खून झाला. रिचर्ड बसस्थानकाच्या उपाहारगृहात भांडी घासू लागले. सप्टेंबर १९५५ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे ‘टुटी फ्रुटी’ ध्वनिमुद्रित झाले. मूळचे शब्द अश्लील. ते डोरोथी लाबोस्ट्री या तरुणीने बदलून दिले. पियानोवर घणासारखे पडणारे हात, अर्ल पामर यांचे धडधडते ड्रम्स आणि मध्येच उसळणारी ती किंकाळी! पाठोपाठ ‘लाँग टॉल सॅली’ व ‘लुसिल’ गाजली. तरीही गौरवर्णीय पॅट बून यांनी गायिलेली मिळमिळीत ‘टुटी फ्रुटी’ लोकप्रियतेच्या यादीत मूळ गाण्याच्या वर गेली. वर्णभेदाचा हा हिशेब विसरता येत नाही.

ऑक्टोबर १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना त्यांना आकाशात अग्निगोल दिसला. तो रशियाचा स्पुटनिक होता, असे ते पुढे सांगत. त्या क्षणी मात्र त्यांना ती देवाची खूण वाटली. बोटांतल्या मौल्यवान अंगठ्या पाण्यात फेकून, ऐन भरातली कारकीर्द सोडून, ते अलाबामातील हंट्सव्हिल येथे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या ओकवूड महाविद्यालयात धर्मशिक्षण घेऊ लागले. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये पुन्हा रॉक गायिले. त्यांच्याआधी मंचावर येत होते तेव्हा नवखे असलेले बीटल्स. १९७७ च्या सुमारास पुन्हा धर्मप्रचार, नंतर पुन्हा मंच.

याला कोणी धरसोड म्हणेल. मला तसे वाटत नाही. आपल्या गळ्यात एक सूर देवाचा व दुसरा सैतानाचा आहे, असे ते मानीत राहिले. वास्तविक त्यांची ती प्रसिद्ध उंच किंकाळी मॅरियन विल्यम्स या भक्तिगीतगायिकेकडून आलेली होती. उपासनेतला आनंद आणि नाचाचा आनंद त्यांच्या गळ्याला कधी वेगळे करता आलेच नाहीत; ते वेगळे करण्याचा आग्रह त्यांच्या मनाचा होता.

९ मे २०२० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना हंट्सव्हिल येथे, ओकवूडच्याच दफनभूमीत पुरण्यात आले.