आयरिक्सवरील पोर्टिंग

आयरिक्सवरील पोर्टिंग : आयरिक्स या जुन्या युनिक्स प्रणालीवर आजची मुक्तस्रोत सॉफ्टवेअरे चालावीत यासाठी त्यांच्या सोर्समध्ये फेरबदल करून ती कंपाइल करण्याचे काम. सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकन कंपनीच्या इंडी (१९९३), ओटू (१९९६), ऑक्टेन (१९९७) या मिप्स प्रोसेसरच्या वर्कस्टेशनांवर आयरिक्स चालत असे. चित्रपटांतील दृश्यपरिणाम आणि वैज्ञानिक चित्रणासाठी ही यंत्रे नावाजलेली होती. आयरिक्स ६.५ ही आवृत्ती १९९८ मध्ये आली. तिचा शेवटचा सुधारित संच, ६.५.३०, २००६ चा. त्याच वर्षाअखेर कंपनीने आयरिक्सवर चालणाऱ्या यंत्रांचे उत्पादन थांबवले.

अडचणी : लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी सेटएन्व्ह, एएसप्रिंटएफ, गेटऑप्ट_लाँग ही फंक्शने आयरिक्स ६.५ च्या सी लायब्ररीत नाहीत. ती सोर्ससोबत जोडावी लागतात. ‘एसटीडीइंट’ हेडर सी९९ पद्धतीने कंपाइल केले तरच चालते. ओ३२, एन३२ आणि एन६४ असे तीन एबीआय (कंपाइल केलेले भाग एकमेकांशी जुळण्याचे नियम) असून एकाच प्रोग्रॅममध्ये त्यांची सरमिसळ चालत नाही. म्हणून प्रत्येकाच्या लायब्रऱ्या वेगळ्या डिरेक्टरीत असतात. आयरिक्सवर मिप्स बिग-एंडियन चालतो, म्हणजे संख्येचा सर्वांत मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवतो. त्यामुळे केवळ इंटेल यंत्रांवर तपासलेला प्रोग्रॅम फाइल वाचताना चुकीच्या संख्या काढू शकतो. चार बाइटांची संख्या चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून वाचली, तर इंटेलवर ते सहसा खपून जाते; इथे ‘बस एरर’ येऊन प्रोग्रॅम बंद पडतो.

साधने : सिलिकॉन ग्राफिक्सचा मिप्सप्रो कंपायलर किंवा मुक्तस्रोत जीसीसी कंपायलर वापरतात. जीसीसी ४.८ पासून आयरिक्सचा आधार काढून टाकल्यामुळे ४.७ ही मूळ जीसीसीची शेवटची उपयोगी मालिका ठरते. आधी जीएनयू मेक हे बांधणीचे साधन, मग पायाभूत लायब्रऱ्या आणि शेवटी हवा तो प्रोग्रॅम, असा क्रम सोयीचा पडतो. नेटबीएसडी प्रकल्पाच्या पीकेजीएसआरसी संचात आयरिक्ससाठीही सोय आहे. हौशी जाणकारांनी तयार केलेल्या नेकोवेअर संग्रहात आयती पॅकेजेस मिळतात.

महत्त्व : हे काम जुनी यंत्रे वापरात ठेवते, तसे प्रोग्रॅमचेही भले करते. बाइटक्रम किंवा पत्त्यांबाबत लेखकाने नकळत धरलेली गृहीतके आयरिक्सवर लगेच उघडी पडतात. अशी दुरुस्ती केवळ आपल्या यंत्रापुरती न ठेवता मूळ प्रकल्पाकडे पॅच म्हणून पाठवली, तर तिचा लाभ इतर प्रोसेसरांवरील वापरकर्त्यांनाही मिळतो.