मराठी नावे आणि आडनावे : उगम व अर्थ

मराठी माणसाचे पूर्ण नाव तीन भागांचे असते : स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव आणि आडनाव. ही रचना आज स्वाभाविक वाटत असली, तरी आडनाव कायमचे ठरून जाणे ही तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. शाळेचे पट, न्यायालये व महसुली दफ्तरे यांनी ब्रिटिश काळात त्यास स्थैर्य आणले. तत्पूर्वी एकाच घराण्याच्या दोन शाखा गाव किंवा हुद्दा बदलल्यामुळे दोन निराळ्या आडनावांनी ओळखल्या जात.

‘कर’ या प्रत्ययाची आडनावे मराठीची खास ओळख मानली जातात. गावाच्या नावास ‘कर’ जोडला की तेथील रहिवासी असा अर्थ होतो. इंदूरच्या राजघराण्याचे होळकर हे आडनाव नीरा नदीकाठच्या होळ गावावरून आले. गोव्यातील मंगेशी या गावाने मंगेशकर हे नाव दिले. हा प्रत्यय धर्माची सीमा मानत नाही. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल ज्यू समाजात रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावे रूढ झाली आणि इस्राएलमध्ये स्थलांतर केलेल्या कुटुंबांनी रोहे, पेण, किहीम ही गावे आपल्या नावांतून तेथवर नेली. दक्षिणेत मात्र हेच गाव नावाच्या शेवटी न येता आरंभी येते. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव हे तंजावरकडील मराठी कुटुंबातले. त्यांच्या नावातील ‘टी’ म्हणजे तंजावर.

दुसरा मोठा वर्ग हुद्द्यांवरून आलेल्या आडनावांचा. गावचा प्रमुख तो पाटील आणि गावचे दफ्तर सांभाळणारा कुलकर्णी. परगण्याच्या पातळीवर हीच कामे अनुक्रमे देशमुख व देशपांडे यांच्याकडे असत. पाटील हे आडनाव मराठा, आगरी, कोळी, लिंगायत, जैन अशा अनेक समाजांत आढळते, याचे कारण ते मुळात जातीचे नसून कामाचे नाव होते. उत्तर हिंदुस्थानच्या राजकारणावर पकड असलेल्या महादजी शिंदे यांनाही ‘पाटीलबाबा’ हीच उपाधी प्रिय होती. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, तर महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. आडनावे अर्थातच राहिली.

फडणवीस, चिटणीस, पारसनीस, पोतनीस यांतील ‘नवीस’ किंवा ‘नीस’ हा अंश फारसी असून त्याचा अर्थ लिहिणारा असा आहे. चिटणिसाकडे पत्रव्यवहार, पारसनिसाकडे फारसी लेखन, तर पोतनिसाकडे खजिन्याचा हिशेब असे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव, डबिरास सुमंत अशी संस्कृत पदनामे दिली. फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोशही सिद्ध करविला. दरबारातून गेलेले मुजुमदार, सुरनीस व डबीर हे शब्द घराघरांत मात्र टिकले. शासनाच्या आज्ञेपेक्षा आडनाव चिवट असते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

काही कुळनावांचा संबंध प्राचीन राजवंशांशी जोडला जातो : मोरे व मौर्य, साळुंखे व चालुक्य, कदम व कदंब, शेलार व शिलाहार, जाधव व यादव. ध्वनिबदलाच्या दृष्टीने ही साम्ये पटण्याजोगी आहेत. तथापि नावाचे साम्य हा वंशाचा पुरावा नव्हे. सामंत, सैनिक व आश्रित यांनीही स्वामीचे कुळनाव धारण केल्याची उदाहरणे भारतभर आढळतात. सहस्रबुद्धे, गोडबोले, वाघमारे यांसारखी गुणांवरून वा प्रसंगावरून पडलेली नावे कुतूहल जागवतात. पण त्यांच्यामागे सांगितल्या जाणाऱ्या कथा बहुधा नावानंतर रचलेल्या असतात.

आडनाव ऐकताच जातीचा अंदाज बांधण्याची सवय समाजात खोलवर रुजली आहे. गावावरून आलेले नाव अशा वेळी वेगळे काम करते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या मूळ गावावरून शाळेत आंबडवेकर असे नाव नोंदविले गेले आणि पुढे त्याचे आंबेडकर झाले. हे रूप आंबेडकर आडनावाच्या एका शिक्षकांनी दिले, असे सांगितले जाते.

व्यक्तिनामांतही समाजाची मने उमटतात. मुले जगत नसत अशा घरी दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू अशी नावे ठेवीत. त्या कुरूपतेमागे मूल वाचावे हीच इच्छा होती. ‘नकुशी’ किंवा ‘नकोसा’ या नावामागे तशी माया नव्हती. मुलगा हवा असताना मुलगी झाली, एवढेच ते नाव सांगत असे, आणि हजेरी घेतली जाई तेव्हा ती मुलगी ते रोज ऐकत असे. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये प्रशासनाने समारंभपूर्वक अशा २८० हून अधिक मुलींची नावे बदलली. अनेकींनी आपले नवे नाव स्वतःच निवडले.

नावातील मधल्या जागेवर आजवर पित्याचाच अधिकार होता. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम बंधनकारक करण्यात आला. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत मात्र स्वतःचे नाव, पतीचे नाव व आडनाव ही प्रचलित पद्धत त्या निर्णयात कायम ठेवण्यात आली.