आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोग

आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोग ही प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचे नियम ठरविणारी आणि त्या नावांविषयी उद्भवणाऱ्या वादांचा निवाडा करणारी संस्था आहे. तिची स्थापना १८९५ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे भरलेल्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय प्राणिशास्त्र परिषदेत झाली. नामकरणाचे नियम ‘आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहिता’ या ग्रंथात एकत्रित केलेले आहेत. एखादा प्राणी स्वतंत्र जाती आहे की नाही, हे आयोग ठरवीत नाही. तो संशोधकांचा विषय आहे. संशोधकांनी मानलेल्या जातीला कोणते नाव नियमानुसार लागू पडते, एवढेच आयोग पाहतो.

पार्श्वभूमी

एकाच प्राण्याला प्रांतोप्रांती निरनिराळी नावे असतात. मराठीतील कोळसून हा हिंदीत ढोल किंवा सोनकुत्ता होतो. हा गोंधळ टाळण्यासाठी स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी वंश आणि जाती अशा दोन पदांनी बनलेली द्विनाम पद्धती रूढ केली. त्यांच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची १७५८ मधील दहावी आवृत्ती ही प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची आरंभरेषा मानली जाते.

पुढे यूरोपीय संशोधक जगभरच्या प्राण्यांची वर्णने प्रसिद्ध करू लागले. दळणवळण मंद होते, त्यामुळे एकाने नाव दिलेल्या प्राण्याला दुसऱ्याने अजाणता नवे नाव द्यावे, असे वारंवार घडले. यावर उपाय म्हणून ह्यू स्ट्रिकलंड यांच्या पुढाकाराने १८४२ मध्ये ब्रिटनमध्ये एक नियमावली तयार झाली. ती तयार करणाऱ्या समितीत चार्ल्स डार्विन यांचाही समावेश होता. आंतरराष्ट्रीय नियम १९०५ मध्ये प्रसिद्ध झाले. सध्याच्या संहितेची पहिली आवृत्ती १९६१ मध्ये निघाली. चौथी आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध होऊन १ जानेवारी २००० पासून अमलात आली.

संहितेची मुख्य तत्त्वे

अग्रक्रम : एकाच जातीला अनेक नावे मिळाली असतील, तर सर्वांत आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरतात. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमधील कोळसुनाला १८३१ मध्ये ‘कॅनिस दखुनेन्सिस’ असे नाव दिले. तथापि पीटर सायमन पॅलास यांनी १८११ मध्येच या जातीचे ‘कॅनिस अल्पायनस’ असे नामकरण केले होते. त्यामुळे जातीचे नाव ‘अल्पायनस’ राहिले. वंश पुढे बदलल्याने आज हा प्राणी ‘क्युऑन अल्पायनस’ म्हणून ओळखला जातो.

समनाम : प्राणिसृष्टीत दोन वंशांना एकच नाव असू शकत नाही. ऑस्ट्रेलियातील बदकचोच्या प्राण्याला १७९९ मध्ये ‘प्लॅटिपस’ हे वंशनाम देण्यात आले. परंतु १७९३ मध्येच ते एका भुंगेऱ्याच्या वंशाला मिळालेले होते. म्हणून ‘ऑर्निथोऱ्हिंकस’ हे नाव स्वीकारावे लागले आणि ‘प्लॅटिपस’ हे केवळ इंग्रजी लोकभाषेत उरले. वनस्पतींच्या नावांना मात्र ही संहिता लागू नाही. म्हणूनच ‘पिएरिस’ हे फुलपाखरांच्या एका वंशाचे आणि झुडपांच्याही एका वंशाचे नाव असू शकते.

प्ररूप : प्रत्येक जातिनाम एका प्रत्यक्ष नमुन्याशी बांधलेले असते. या नमुन्यास प्ररूप म्हणतात. वर्णन कितीही संदिग्ध असले, तरी नाव कोणाचे, याचा अंतिम निर्णय प्ररूपावरून होतो.

कार्यपद्धती

बहुतेक वाद संहितेतील नियम लावूनच मिटतात. जुने नाव १८९९ नंतर ग्राह्य नाव म्हणून कोणीही वापरलेले नसेल आणि नवे नाव मागील ५० वर्षांत किमान १० लेखकांच्या किमान २५ लेखनकृतींत, निदान १० वर्षांच्या कालावधीत पसरून वापरले गेले असेल, तर अग्रक्रम उलटविण्यासाठी आयोगाकडे जावे लागत नाही.

नियमाचे काटेकोर पालन केल्याने प्रस्थापित नाव कोसळणार असेल, तर आयोगाकडे अर्ज करता येतो. अर्जाला प्रकरण क्रमांक मिळतो आणि तो आयोगाच्या नियतकालिकात प्रसिद्ध होतो. हे नियतकालिक १९४३ पासून निघत आहे. कोणीही अभ्यासक त्यावर अनुकूल वा प्रतिकूल मत पाठवू शकतो. त्यानंतर आयोगाचे सदस्य मतदान करतात आणि निर्णय ‘अभिमत’ या नावाने क्रमांकासह प्रसिद्ध होतो. निर्णय होईपर्यंत प्रचलित वापरच चालू ठेवावयाचा असतो.

मोनॅको येथील १९१३ च्या परिषदेने आयोगाला विशेष प्रकरणी नियम स्थगित करण्याचा अधिकार दिला. तो वापरण्यासाठी दोनतृतीयांश मते आवश्यक असतात. राखलेली नावे अधिकृत सूचींत, तर फेटाळलेली नावे स्वतंत्र सूचींत नोंदविली जातात. अभिमत त्या प्रकरणापुरतेच बंधनकारक असते.

उल्लेखनीय प्रकरणे

गवा आणि मिथुन

ईशान्य भारतात पाळल्या जाणाऱ्या मिथुनाला १८०४ मध्ये ‘बॉस फ्राँटॅलिस’ हे नाव मिळाले. रानगव्याला ‘बॉस गॉरस’ हे नाव १८२७ मध्ये देण्यात आले. हे दोन्ही एकाच जातीचे मानल्यास, अग्रक्रमानुसार कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी अभयारण्याच्या जंगलांत वावरणाऱ्या गव्यालाही पाळीव जनावराचेच नाव लावावे लागले असते. लांडगा, रानम्हैस, रानमांजर इत्यादींबाबतही असाच पेच होता. १९९६ मध्ये अँथिया जेंट्री, ज्युलिएट क्लटन-ब्रॉक व कॉलिन ग्रोव्ह्ज यांनी अशा नावांसंबंधी अर्ज सादर केला. २००३ च्या अभिमत क्रमांक २०२७ अन्वये आयोगाने वन्य जातींची १७ नावे राखली. पाळीव रूपांची नावे आधीची वा समकालीन असली, तरी केवळ त्या कारणाने वन्य जातींची नावे बाद होणार नाहीत, असे ठरले.

या निर्णयाचे महत्त्व केवळ शब्दापुरते नाही. वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचे कायदे व व्यापारविषयक करार शास्त्रीय नावांच्या आधारेच लिहिलेले असतात. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ करारात ‘बॉस गॉरस’ला सर्वाधिक संरक्षण आहे आणि ‘बॉस फ्राँटॅलिस’ या नावाने ओळखले जाणारे पाळीव रूप त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहे. दोघांना एकच नाव असते, तर अशी सीमारेषा नावावरून आखता आली नसती.

अल्दाब्राचे महाकासव

हिंदी महासागरातील अल्दाब्रा बेटांवरील महाकासवाला ‘टेस्टुडो जायगँटिया’ हे १८१२ मधील नाव लावले जात असे. या नावाचा हरवलेला समजला गेलेला मूळ नमुना पॅरिस येथे सापडल्याचा आणि तो दक्षिण अमेरिकेतील निराळ्या कासवाचा असल्याचा दावा पुढे आला. त्यामुळे ‘डुसुमिएरी’ हे १८३१ मधील नाव स्वीकारावे, असे काहींचे मत होते. २००९ मध्ये दाखल झालेल्या अर्जावर दीर्घ वादविवाद झाला. २०१३ मध्ये आयोगाने ‘जायगँटिया’ हे नाव राखले, त्यासाठी नवप्ररूप कायम केले आणि ‘डुसुमिएरी’ दडपले. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात २००६ मध्ये मृत्यू पावलेले ‘अद्वैत’ हे कासव याच जातीचे होते.

फळमाशी

आनुवंशिकीच्या प्रयोगशाळांतील ‘ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर’ ही माशी वंशाच्या प्ररूप-जातीपासून दूरच्या शाखेत मोडते. वंशाचे विभाजन केल्यास तिचे नाव ‘सोफोफोरा मेलॅनोगॅस्टर’ होईल. ते टाळण्यासाठी तिलाच वंशाची प्ररूप-जाती करावी, असा अर्ज २००७ मध्ये आला. २०१० मध्ये आयोगाने तो फेटाळला. नाव सुप्रसिद्ध आहे, एवढ्यावरून नियम बाजूला सारला जातोच असे नाही, हे या प्रकरणातून दिसते.

आशियाई हत्ती

काही पेच आयोगाच्या निवाड्याविना सुटतात. लिनियस यांनी ‘एलेफस मॅक्झिमस’ हे नाव देताना ज्या नमुन्यांचा आधार घेतला, त्यांत मद्यार्कात जतन केलेला एक हत्तीचा गर्भ होता. तो आफ्रिकी हत्तीचा असल्याचे २०१३ मध्ये प्रथिने व डीएनए यांच्या परीक्षणातून सिद्ध झाले. तथापि जॉन रे यांनी वर्णिलेला व आज फ्लॉरेन्स येथे असलेला सांगाडाही लिनियस यांच्या आधारांपैकीच होता. तो आशियाई हत्तीचा असल्याने संशोधकांनी त्याची प्ररूप म्हणून निवड केली आणि नाव अबाधित राहिले.

मर्यादा व टीका

आयोगाकडे दंडशक्ती नाही. संशोधक, नियतकालिके व संग्रहालये संहिता स्वेच्छेने मानतात, यावरच त्याचा अधिकार उभा आहे. निर्णयांना अनेक वर्षे लागतात, अशीही तक्रार केली जाते.

पुरेशा संशोधनाविना, स्वतःच काढलेल्या नियतकालिकांतून घाऊक प्रमाणात दिली जाणारी नावे हा अधिक बिकट प्रश्न आहे. अशी नावे तांत्रिक अटी पूर्ण करीत असतील, तर अग्रक्रमाचा लाभ त्यांनाच मिळतो. थुंकणाऱ्या आफ्रिकी नागांच्या गटाला २००९ मध्ये मिळालेल्या ‘स्प्रॅकलँडस’ व ‘आफ्रोनाजा’ या दोन नावांचा वाद याच स्वरूपाचा होता. २०२१ च्या अभिमतात आयोगाने ‘स्प्रॅकलँडस’ची उपलब्धता नव्याने पक्की करून देण्याचे नाकारले, परंतु नीतिविषयक परिशिष्ट हा निवाड्याचा औपचारिक निकष मानण्यासही नकार दिला.

२०१२ च्या दुरुस्तीनुसार केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध झालेली नवी नावेही ग्राह्य ठरू शकतात. त्यासाठी ‘झूबँक’ या आयोगाच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणी अनिवार्य आहे. अशा नोंदणीमुळे नाव कोणी व केव्हा दिले, हे पडताळणे सोपे होते. त्यामागील संशोधनाचा दर्जा मात्र नोंदणीवरून ठरत नाही.