सही राष्ट्रपतींची

परतवाड्याहून सेमाडोह-हरिसालच्या रस्त्याने धारणीकडे निघालं, की मेळघाटात राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचा मुलूख सुरू होतो. चिखलदरा आणि धारणी हे तालुके अनुसूचित क्षेत्र ठरले ते राष्ट्रपतींच्या आदेशाने. सध्याचा आदेश १९८५चा. विदर्भाच्या वैधानिक विकास मंडळासाठी १९९४ साली निघालेला आदेशही राष्ट्रपतींचाच. आमच्या अनुशेषाच्या भांडणात त्यांचं नाव आहे. मत मात्र सरकारचं.

ही घडी बसायला पाव शतक गेलं. हिंदू कोड बिलावर स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यावा, असं राजेंद्रप्रसादांना १९५१ मध्ये वाटत होतं. नेहरूंना ते मान्य नव्हतं. राष्ट्रपतींच्या अधिकारांचा अभ्यास व्हावा, असं राजेंद्रबाबूंनी १९६० मध्ये जाहीर भाषणातच सुचवलं. शेवटी १९७४ च्या शमशेरसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं: राष्ट्रपती चालतात ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने.

आणि पुढच्याच वर्षी, २५ जूनच्या रात्री, फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या कागदावर सही केली. मंत्रिमंडळ बसलं दुसऱ्या दिवशी सकाळी! सल्ला यायच्या आधीच सही झालेली.

४२व्या घटनादुरुस्तीने सल्ला बंधनकारक केला. ४४वीने दोन कड्या घातल्या: आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा, आणि कोणताही सल्ला राष्ट्रपतींना फेरविचारासाठी एकदा परत पाठवता येईल. या पदाच्या वाटचालीत मला हीच दुरुस्ती सगळ्यात शहाणी वाटते. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत पाठवली, तेव्हा गुजराल सरकारने ती पुन्हा रेटली नाही. परत पाठवण्याची ताकद एवढीच, पण खरी.

२५ जुलै २००७ ला प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या. माहेर जळगावकडचं, सासर अमरावतीचं. १९९१ ला अमरावतीच्याच खासदार. आपली सून राष्ट्रपती भवनात गेली म्हणून वऱ्हाडात कोण कौतुक! पुढे फाशीच्या अनेक शिक्षा जन्मठेपेत बदलल्याबद्दल त्यांच्यावर भरपूर टीका झाली. दयेच्या अर्जावरचा निर्णयही गृहखात्याच्या सल्ल्यावरच चालतो, हे तेव्हा फारसं कोणी बोललं नाही. सही दिसते, फाईल दिसत नाही.

वऱ्हाडाचा या पदाशी पुढचा संबंध न्यायालयात आला. तामिळनाडूच्या खटल्यात एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांना आणि राष्ट्रपतींनाही विधेयकांसाठी मुदत घालून दिली. त्यावर राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मे महिन्यात कलम १४३ खाली न्यायालयालाच चौदा प्रश्न विचारले. २० नोव्हेंबरला उत्तर दिलं ते पाच न्यायमूर्तींच्या पीठाने. अध्यक्षस्थानी होते सरन्यायाधीश भूषण गवई, अमरावतीचेच. न्यायालयाला अशी मुदत बांधता येत नाही, आणि मुदत संपली म्हणून विधेयक मंजूर झालं असंही धरता येत नाही, असं पीठाने सांगितलं. राज्यपालांनी कारणाविना विधेयक वर्षानुवर्षं दाबून ठेवलं, तर निर्णय घ्या एवढं मात्र न्यायालय सांगू शकतं. काय निर्णय घ्या, ते नाही.